टोपीतला एकोणिसावा

मी एक जुना पुठ्ठा आहे. तळहातात मावेन एवढाच. माझ्या एका अंगाला एका माणसाचे रंगीत चित्र आहे आणि दुसऱ्या अंगाला त्याची माहिती. माझा एक कोपरा उडालेला आहे, मधोमध एक गोल खळगा आहे आणि वरच्या कडेला घामाचा तपकिरी डाग आहे. मला बेसबॉल कार्ड म्हणतात. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली हकिगत सांगू लागल्या की आपण जन्मभर किती झिजलो ते सांगतात. मी झिजलो तर आहेच. पण त्याहून जास्त मी जळलो. मनातल्या मनात, धूर न काढता जळलो. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म १९५६ सालच्या वसंतात झाला, ओहायो नदीकाठच्या केटर्सविल नावाच्या गावात. गावात काचेचा मोठा कारखाना होता, म्हणून गावच्या संघाचे नाव होते ग्लासमेन. लोक त्यांना नुसते ‘काचवाले’ म्हणत. हे काचवाले आदल्या सप्टेंबरात एकतीस वर्षांनी पहिल्यांदा आपल्या साखळीचे विजेते झाले होते. गावाला अजून त्या विजयाची धुंदी होती. गावच्या होलेचेक बेकरीने ठरवले, की पावाच्या प्रत्येक वेष्टनात एका विजेत्या खेळाडूचे कार्ड घालायचे. खेळाडू वीस, म्हणून कार्डे वीस. सगळ्यांच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘विजेते’.

छापखान्यात आम्ही वीसही जण एकाच मोठ्या कागदावर शेजारी शेजारी जन्मलो. शाई वाळेपर्यंत आम्ही भावंडे होतो. मग सुरी फिरली आणि आमचे गठ्ठे वेगवेगळे झाले. बेकरीचा माणूस आला नि म्हणाला, “एक नंबरचा अर्धा गठ्ठा बाजूला काढा. हॅलोरन सहज मिळाला तर लोक दुसरा पाव कशाला घेतील?”

“आणि हा एकोणीस नंबरचा?” छापणाऱ्याने विचारले.

“व्होलक ना? घाला हवा तेवढा. त्याला कोण विचारतंय!”

तो एकोणीस नंबरचा मी. माझ्यावर एमरी व्होलकचे चित्र होते. एमरी हा संघाचा राखीव कॅचर. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून चेंडू झेलणारा. राखीव म्हणजे तेही नाही. दुसरा कुणी उकिडवा बसलेला असताना बाकावर बसणारा. माझ्या पाठीवर लिहिले होते, ‘खेळलेले सामने : अकरा’. एक नंबरच्या पाठीवर लिहिले होते, ‘जिंकून दिलेले सामने : बावीस’. ड्यूई हॅलोरन हा चेंडू फेकणारा पिचर होता. अंतिम सामना त्याने एकट्याच्या खांद्यावर जिंकून दिला होता. त्या दिवसापासून मी त्याच्यावर जळू लागलो. अजून मी पावात पडलोही नव्हतो.

मी ज्या पावात पडलो, तो मॅग्डा झेल्को नावाच्या बाईने विकत घेतला. तिची मुलगी बर्नाडीन अकरा वर्षांची होती. पाव घरात आला की तो कापायच्या आधी ती वेष्टनात हात घालायची. त्या दिवशी तिने मला ओढून काढले आणि जेवणाच्या टेबलावर आपटले.

“परत व्होलकच! सातवा! आई, आपण दुसऱ्या दुकानातून पाव आणू या ना.”

“बर्नाडीन!” आई दबक्या आवाजात ओरडली.

कारण टेबलापलीकडे खुद्द एमरी व्होलक कोबीचे सूप पीत बसला होता. बाहेरगावचे खेळाडू मोसमापुरते गावातल्या घरांत राहत, तसा तो झेल्कोंच्या माडीवर राहत होता. बर्नाडीन कानापर्यंत लाल झाली.

“असू द्या, मिसेस झेल्को,” एमरी म्हणाला. “संघाला एक व्होलक जड होतोय. हिने सात सांभाळायचे म्हणजे काय!”

सगळे हसले. तोही हसला. पण त्याचा चमचा बराच वेळ सुपातच राहिला, हे मी टेबलावर पडल्या पडल्या पाहिले.

बर्नाडीनचे लक्ष एकाच गोष्टीवर होते. बेकरीने जाहीर केले होते, की जो मुलगा किंवा मुलगी सगळ्यात आधी वीसही कार्डे आणून दाखवेल, त्याला चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मैदानावर विजेत्यांचा झेंडा चढवायला मिळेल. सगळ्या गावासमोर, संघाच्या रांगेत उभे राहून दोर ओढायचा! जूनच्या मध्यापर्यंत बर्नाडीनकडे एकोणीस कार्डे जमली. ती तिने आरशाच्या चौकटीत ओळीने खोचली होती. वरची मधली जागा रिकामी होती. ती हॅलोरनची.

त्या ओळीत एक एकोणीस नंबरही होता. माझाच जुळा भाऊ, कोरा करकरीत. मी त्याच्यावरही जळलो. कारण उरलेल्या आम्हा सहा जणांची वाट लागली होती. दोघे सायकलच्या आऱ्यांत फडफडून फाटले. एकाच्या पाठीवर आईने किराण्याची यादी लिहिली. दोघांचे काय झाले ते मला माहीत नाही. आणि मी जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली गेलो. माझ्यामुळे टेबल डगमगायचे थांबले. तीन आठवडे मी तिथे होतो. माझ्या छातीवर टेबलाचा पाय आणि टेबलावर त्या घराचे जेवण. वरून रोज एकच नाव ऐकू यायचे.

“हॅलोरनने काल अकरा जणांना बाद केलं! मिस्टर व्होलक, तो चेंडू सोडताना जीभ बाहेर काढतो हे खरं आहे?”

“खरं आहे.”

“तो नाश्त्याला काय खातो?”

“माझं डोकं,” एमरी म्हणायचा.

एका संध्याकाळी एमरीचा चमचा खाली पडला. तो उचलायला तो वाकला. त्याचे तोंड माझ्यासमोर आले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. चित्रातला एमरी हसत होता. वाकलेला हसत नव्हता. त्याने टेबल जरा उचलले, मला बाहेर ओढले आणि माझ्या जागी वर्तमानपत्राची घडी सारली. टेबल हलले, सूप सांडले.

“काय झालं रे एमरी?” मॅग्डाने विचारले.

“काही नाही. चमचा पडला.”

त्याने मला शर्टाला पुसले आणि आपल्या संघाच्या टोपीत, आतल्या चामड्याच्या पट्टीमागे खोचले. तेव्हापासून मी त्याच्या कपाळाला कपाळ लावून मैदानावर जाऊ लागलो.

तिथे मला कळले, की एमरी रोज काय करतो. सामन्याआधी हॅलोरनचा हात गरम व्हावा म्हणून तो मैदानाच्या कडेला चाळीस-चाळीस मिनिटे उकिडवा बसून त्याचे चेंडू झेलायचा. त्याचा डावा तळवा भाकरीसारखा फुगलेला असायचा. मग सामना सुरू झाला की लोक टाळ्या वाजवायचे आणि एमरी बाकावर जाऊन तळवा बर्फाच्या बादलीत घालायचा. हॅलोरन त्याला ‘भिंत’ म्हणायचा. “चल भिंत, बस. चेंडू मारला की परत येतो, एवढंच तुझं काम.” हॅलोरन दुष्ट नव्हता बरे का. तो एकवीस वर्षांचा होता आणि त्याला कुणी कधी ‘नाही’ म्हटले नव्हते, एवढेच. एमरी एकोणतीस वर्षांचा होता.

जूनच्या शेवटच्या सोमवारी सराव संपला तेव्हा हॅलोरन खिसा चाचपत एमरीकडे आला.

“ए भिंत, तुझ्या घरची ती दोन वेण्यांची पोरगी, रोज फाटकापाशी माझं कार्ड मागते बघ. हे घे. बेकरीवाल्याकडून आणलंय. सहीपण केलीय. देशील ना तिला?”

“देतो,” एमरी म्हणाला.

त्याने ते कार्ड टोपीत, माझ्या पाठीमागे खोचले. मित्रांनो, ज्याच्यावर मी जन्मापासून जळत होतो, तो आता माझ्या पाठीला पाठ लावून बसला होता. अंगावर निळ्या शाईची ऐटदार सही. मी एमरीच्या पावलांकडे कान लावले. घर जवळ येत होते.

बर्नाडीन पायरीवरच बसली होती. तिने विचारले, “आज हॅलोरनचा चेंडू कसा होता?”

एमरीचा हात टोपीकडे गेला. मला त्याची बोटे जाणवली.

“तुम्हाला काय मजा आहे हो!” बर्नाडीन म्हणाली. “रोज त्याच्याजवळ उभं राहायला मिळतं. मी तुमच्या जागी असते ना, तर मी बाकावरसुद्धा आनंदाने बसले असते.”

बोटे खाली गेली. “बरा होता चेंडू,” एमरी म्हणाला आणि माडीवर निघून गेला.

मंगळवारी तो देणार होता, पण ती हॅलोरनचे वर्तमानपत्रातले चित्र कापत बसली होती. बुधवारी तिने त्याला न्याहारीच्या वेळी हॅलोरनबद्दल विचारलेच नाही, म्हणून त्याने दिले नाही. गुरुवारी विचारले, म्हणून दिले नाही. प्रत्येक रात्री तो टोपी खुंटीला अडकवताना पुटपुटायचा, “उद्या देऊ.” आणि टोपीच्या अंधारात मी काय म्हणत होतो सांगू? मी म्हणत होतो, ‘नको देऊस. राहू दे याला इथेच. याला कळू दे, कुणाच्या नजरेला न पडणं काय असतं.’ आज सांगताना लाज वाटते, पण तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा आठवडा होता.

शनिवारी सकाळी शेजारच्या अंगणातून किंकाळी ऐकू आली. बर्नाडीनची मैत्रीण लुआन प्रुइट कुंपणावर चढून ओरडत होती, “मिळाला! हॅलोरन मिळाला! वीस झाले!” तिच्या पायांत चपलाही नव्हत्या. ती तशीच बेकरीकडे धावत सुटली.

बर्नाडीनने खिडकी लावून घेतली. आई म्हणाली, “जा, तिचं अभिनंदन कर.”

“पोटात दुखतंय माझ्या.”

“पोटात नाही गं दुखत ते,” आई म्हणाली. “जळतंय. जा, तरीही जा.”

एमरी दारात टोपी हातात घेऊन उभा होता. आता देऊन काय उपयोग, असे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. त्याने टोपी डोक्यावर घातली.

चार जुलैला मैदान भरून गेले. बँड वाजत होता. लुआनने पांढरे मोजे घातले होते. तिने दोर ओढला, झेंडा अर्ध्यावर अडकला, तिने पुन्हा झटका दिला आणि तो सरसर वर गेला. लोकांनी टोप्या उडवल्या. बर्नाडीन कुंपणाची जाळी धरून उभी होती. ती रडत नव्हती. जाळीवर तिची बोटे मात्र पांढरी पडली होती.

झेंडा चढवून संघ परत निघाला तेव्हा हॅलोरन तिच्यासमोर थांबला. एमरी त्याच्या मागेच होता.

“काय गं वेणीवाली, दोर तू ओढणार होतीस ना? मी तर तुला कार्ड पाठवलं होतं. सहीसकट!”

“मला?” बर्नाडीन म्हणाली. “कुणाबरोबर?”

“ह्या भिंतीबरोबर.” हॅलोरनने मागे वळून पाहिले आणि तो हसला. “भिंतीला कान असतात म्हणे. हिला तोंड नाही वाटतं!”

एमरीने टोपी काढली. पट्टीमागे बोट घालून त्याने आम्हा दोघांना बाहेर काढले. आठ-दहा दिवसांच्या घामाने हॅलोरनची सही पसरून निळा डाग झाली होती. ते पाहून मला आनंद झाला, हेही लपवत नाही. पण मग मी बर्नाडीनचे तोंड पाहिले.

“हे तुम्हाला कधी दिलं होतं?” तिने विचारले.

“सोमवारी. गेल्या आठवड्यात.”

तिने बोटांवर मोजले. “लुआनला शनिवारी मिळालं. म्हणजे पाच दिवस तुमच्या डोक्यावर होतं.”

“हो.”

तिने दोन बोटांनी हॅलोरनचे कार्ड घेतले आणि ती गर्दीतून चालती झाली. हॅलोरनचे हसू मावळले होते. त्या दिवशी तो एमरीला पहिल्यांदाच नावाने हाक मारून म्हणाला, “व्होलक, असं का केलंस?” एमरी मला पुन्हा टोपीत खोचून बाकावर जाऊन बसला.

चार दिवस बर्नाडीन त्याच्याशी बोलली नाही. तो जेवायला बसला की ती ताट घेऊन उठायची. शेवटी मॅग्डा त्याला म्हणाली, “एमरी, दुसरीकडे खोली बघायची असेल तर बघ. मी जा म्हणणार नाही. पण तिच्याशी बोलल्याशिवाय गेलास तर माझ्या दारात पुन्हा उभा राहू नकोस.”

त्या संध्याकाळी तो मागच्या पायरीवर बर्नाडीनपासून दोन हात अंतरावर जाऊन बसला. टोपी गुडघ्यावर होती, म्हणून मी सगळे ऐकले.

“मी विसरलो नव्हतो,” तो म्हणाला. “मुद्दाम दिलं नाही.”

“का? मी तुमचं काय केलं होतं?”

“तू काही नाही केलंस. मी जळत होतो. रोज त्याचे चेंडू मी झेलायचे आणि घरी आलो की सुपातही तोच.”

बर्नाडीन म्हणाली, “पण तुम्ही तर मोठे आहात.”

“तेच ना. मला वाटलं होतं, मोठं झालं की हे जातं.”

“आई म्हणते, मीसुद्धा लुआनवर जळते.”

“जळतेस का?”

“खूप. झेंडा अडकला ना, तेव्हा मला वाटलं, तसाच राहावा.” तिने नाक पुसले. “पण तो चढला ते बरं झालं. नाहीतर मला जन्मभर वाटलं असतं, माझ्यामुळेच अडकला.”

“मला माफ करशील?”

“नाही,” ती म्हणाली. “एवढ्यात नाही. आधी शिक्षा. रोज संध्याकाळी माझे पन्नास चेंडू झेलायचे. मला हॅलोरनसारखं फेकायचंय. आणि ‘उद्या’ म्हणायचं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झाले. पहिल्या आठवड्यात पन्नासातले तीस चेंडू लुआनच्या अंगणात जायचे. एमरी कुंपणावरून उडी मारून ते आणायचा आणि पुन्हा उकिडवा बसायचा. “कोपर वर. माझ्या हाताकडे बघ, माझ्या तोंडाकडे नको.” ऑगस्टमध्ये संघाने त्याला काढून टाकले. त्याच महिन्यात हॅलोरनला मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाने नेले. एमरी गाव सोडून गेला नाही. तो काचेच्या कारखान्यात पेट्या भरायला लागला. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की तो थेट अंगणात यायचा. शिक्षा कधी संपली आणि सवय कधी लागली, ते दोघांनाही कळले नाही. माफ केले असे बर्नाडीन तोंडाने कधीच म्हणाली नाही. ती फक्त पुन्हा त्याच्याबरोबर टेबलाशी बसून जेवू लागली.

दोन वर्षांत ती टोपी विरून गेली. ती टाकून देताना बर्नाडीनला तिच्यात मी सापडलो. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवले. आरशातली वीसही कार्डे तोवर एका डब्यात आणि डबा पलंगाखाली गेला होता. हॅलोरनही त्यातच. मला मात्र उजेड मिळाला, अंगण मिळाले. तुम्हाला वाटेल, आता तरी याचे पोट शांत झाले असेल. छे! आता मी खुद्द एमरीवर जळू लागलो. चेहरा आमचा एकच, पण तिचा चेंडू त्याच्या हातात थाडकन बसायचा आणि तो ओरडायचा, “वा! हा घे, परत दे असाच.” मी काचेला चिकटून ते पाहत राहायचो. पुठ्ठ्याला हात नसतात.

१९५९ च्या उन्हाळ्यात बर्नाडीन चौदा वर्षांची होती आणि कारखान्याच्या मुलींच्या संघातून चेंडू टाकत होती. एके संध्याकाळी कुंपणापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर चांगला कोट होता, पण उजवा हात त्याने कोटाच्या खिशात ठेवला होता. मी त्याला लगेच ओळखले. तो ड्यूई हॅलोरन होता. मोठ्या संघात दोन मोसम खेळून त्याचा खांदा निकामी झाला होता आणि त्यांनी त्याला घरी पाठवले होते.

“भिंत!” त्याने हाक मारली. मग जरा थांबून म्हणाला, “एमरी. जरा माझे चार चेंडू घेशील का? डॉक्टर म्हणतात, हळूहळू टाकून बघ. दुसऱ्या कुणापुढे टाकायला लाज वाटते रे.”

एमरी उकिडवा बसलेला होता. त्याने मागे वळून पाहिले. “थांब थोडं. हिचे बारा राहिलेत.”

आणि त्याने हात पुढे केला. बर्नाडीनने चेंडू टाकला. तो सरळ रेषेत गेला आणि हातमोज्यात वाजला. हॅलोरन कुंपणावर कोपर टेकून पाहत होता. अकरा चेंडू पाहिले त्याने. कधी तिच्या खांद्याकडे, कधी एमरीच्या हाताकडे. त्याच्या डोळ्यांत जे होते, ते गावात कुणी ओळखले नसते. मी ओळखले. त्याच्या ठिकाणी मी तीन वर्षे उभा होतो.

त्या क्षणी माझ्यातले काहीतरी विझले. ज्याच्यावर मी जळलो, तोच आज जळत होता. तेही कुणावर? आमच्यावर! मला वाटले होते, असा दिवस आला तर मी नाचेन. पण मला त्याची दया आली आणि स्वतःची थोडी लाज वाटली.

बर्नाडीननेही त्याच्याकडे पाहिले असावे. तिने शेवटचा चेंडू टाकलाच नाही. ती कुंपणापाशी गेली आणि चेंडू त्याच्यासमोर धरला.

“या आत, मिस्टर हॅलोरन. फाटकाची कडी आतून आहे, जरा उचलून ढकला. उद्यापासून तीस माझे, वीस तुमचे.”

हॅलोरनने खिशातून हात काढला. पहिला चेंडू एमरीपर्यंत पोचलाच नाही. अर्ध्यावर टप्पा खाऊन घरंगळला. कुणी हसले नाही. एमरी गुडघ्यांवर पुढे सरकला, पाच-सहा पावले जवळ येऊन बसला आणि म्हणाला, “हं. आता टाक.”

मित्रांनो, मी म्हातारा पुठ्ठा आहे. मला उन्हापासून आणि ओलीपासून जपा, असे सांगायचे माझे वय राहिले नाही. पण एक मागणे आहे. कुणाचा निरोप, कुणाची वस्तू, कुणाचे कौतुक जर तुमच्याजवळ दुसऱ्याला द्यायला म्हणून दिलेले असेल, तर ते अडवून ठेवू नका. मन मोठे होईपर्यंत थांबू नका. तेवढा वेळ नसतो. पोटात आग पडली असली तरी पोचवा. जळत जळत का होईना, पण पोचवा.